सगळ्या मंडळांचा एकमेव सभासद

त्या विद्यापीठाच्या व्यवस्थापन विभागात अध्यक्षांना तोटा नव्हता. जिन्यावर बसलेल्या घोळक्यात डोळे मिटून खडा मारला असता तर तो एखाद्या अध्यक्षालाच लागला असता, आणि नेम चुकला असता तर शेजारच्या उपाध्यक्षाला. साधा सभासद मात्र अख्ख्या विभागात एकच होता. लांब चेहऱ्याचा, किंचित पोक काढून चालणारा, कुणी हाक मारली की आधी थांबणारा आणि मग कशासाठी ते विचारणारा एक मुलगा. त्याचं नाव हजेरीपटावर होतं, पण पहिलं वर्ष संपेपर्यंत हजेरी घेणारे प्राध्यापक सोडले तर ते कुणी वापरत नव्हतं. सगळे त्याला ‘सभासद’ म्हणत.

“सभासद कुठंय?”

“जेवायला गेलाय.”

“अरे, ताटावरून उठवा त्याला. आमची सर्वसाधारण सभा आहे.”

हे कसं झालं ते कळायला पहिल्या आठवड्यातली दोन भाषणं लक्षात घ्यावी लागतात. पहिलं विभागप्रमुखांचं. ते म्हणाले, ही वर्षं पुन्हा येत नाहीत, वर्गात शिकाल त्यापेक्षा जास्त वर्गाबाहेर शिकाल, तेव्हा इथं जे जे आहे त्याचा पुरेपूर फायदा घ्या. हे भाषण सगळ्यांनी ऐकलं आणि दारातून बाहेर पडता पडता विसरून टाकलं. दुसरं भाषण दुसऱ्या दिवशी प्लेसमेंट अधिकाऱ्याचं. तो म्हणाला, कंपन्या नेतृत्व बघतात. सीव्हीवर एकतरी पद नसेल तर तुमचा सीव्ही कुणी उघडणारही नाही. हे मात्र सगळ्यांनी लिहून घेतलं. काहींनी दोनदा अधोरेखित केलं.

सभासद त्या वेळी वसतिगृहाच्या कोठारासमोर गादी आणि उशी घ्यायच्या रांगेत उभा होता. रांग हलत नव्हती, कारण उशा वेगळ्या खोलीत होत्या आणि त्या खोलीची किल्ली ज्याच्याकडे होती तो भाषणाची व्यवस्था बघायला गेला होता. त्यामुळे सभासदाच्या कानावर पडलं ते फक्त पहिलं भाषण. त्यात आईने निघताना बजावलं होतं, “कुणी बोलावलं तर नाही म्हणत जाऊ नकोस. माणूसघाणा म्हणतील.” एवढ्या शिदोरीवर तो विद्यापीठाच्या आयुष्यात उतरला.

घरची परिस्थिती बेताची, पण रडकथा सांगावी अशी नव्हती. वडील बसच्या डेपोत वेळापत्रकं करायचे आणि स्वतः सगळीकडे उशिरा पोचायचे. आई शिवणकाम करायची. आणि मामा होता. मामाचं बाथरूमच्या सामानाचं दुकान होतं. नळ, शॉवर, बेसिनं, आणि दर्शनी भागात एकावर एक रचलेले पांढरेशुभ्र कमोड. मामा मनाने मोठा. भाच्याने व्यवस्थापन शिकायला जातो म्हटल्यावर त्याने पाठ थोपटली आणि म्हणाला, “शीक, भरपूर शीक. दुसऱ्या वर्षानंतर तुम्हाला सुट्टीत कुठंतरी काम करावंच लागतं ना? नाही मिळालं तर संकोच करू नकोस. आपलं घरचं दुकान आहे.”

हे ऐकून सभासद धास्तावला, त्याला कारण होतं. त्याचा मावसभाऊ असाच एका सुट्टीपुरता मामाच्या दुकानात गेला होता. चांगला भूगोल शिकलेला मुलगा. त्याचं लग्न झालं, मुलगी शाळेत जायला लागली, समोरचे केस गेले. तो अजून दुकानातच होता. कुणी विचारलं की तो आजही सांगायचा, “सध्या मामाकडे आहे.”

मामा कुणाला डांबून ठेवत नसे. दुपारी घरून डबा यायचा, संध्याकाळी तो स्वतः स्कूटरवरून घरी सोडायचा, आजारी पडलं तर डॉक्टरकडे न्यायचा. अशा माणसाला नाही कसं म्हणायचं, हे मावसभावाला कळलं नव्हतं आणि सभासदाला तर कुणालाच नाही म्हणायची सवय नव्हती. एकदा त्या दुकानात पाऊल टाकलं की आपण तिथून हलत नाही, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. दुसऱ्या वर्षी इंटर्नशिप मिळवायची, एवढं एकच ध्येय घेऊन तो आला होता. त्यासाठी पद लागतं, हे मात्र त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

पहिला महिना संपायच्या आत विभागात मंडळांचं पीक आलं. सभासदाच्या खोलीतल्या जोडीदाराने उद्योजकता मंडळ काढलं. हा मुलगा दात घासतानासुद्धा भेटणाऱ्याला “मी संस्थापक” अशी ओळख करून द्यायचा, त्यामुळे त्याचं नाव संस्थापकच पडलं. एका संध्याकाळी तो तोंड पाडून कॉटवर पडला होता.

“तू कुठल्या मंडळाचा अध्यक्ष रे?” त्याने विचारलं.

“कुठल्याच नाही.”

“उपाध्यक्ष?”

“नाही.”

“चिटणीस, खजिनदार, निमंत्रक, काहीतरी असशील ना?”

“अरे, नाही म्हटलं ना.”

संस्थापक उठून बसला. “म्हणजे तू एकदम साधा आहेस?”

“तसं बघितलं तर हो.”

“कुणाला बोलू नकोस,” संस्थापक आवाज खाली आणून म्हणाला. “बूट घाल.”

त्याने त्याला हाताला धरून विद्यार्थी मंडळांच्या कार्यालयात नेलं. तिथल्या बाई तिथं इतकी वर्षं होत्या की विभागप्रमुख बदलले तरी नियम त्यांनाच विचारले जात. नियम असा होता की प्रत्येक मंडळात निदान एक तरी साधा सभासद हवा, आणि तो दुसऱ्या कुठल्याही मंडळाचा पदाधिकारी नसावा. नियमाला इतिहास होता. पूर्वी एका मंडळात झाडून सगळे पदाधिकारी होते. त्यांनी एका बैठकीत एकमेकांवर अविश्वासाचे ठराव आणले, सगळे ठराव मंजूर झाले आणि मंडळात कुणी उरलंच नाही. बाईंना ते निस्तरावं लागलं होतं. म्हणून हा नियम. करताना कुणाला वाटलं नव्हतं की एक साधा माणूस मिळणं इतकं अवघड जाईल.

“सभासद?” बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं.

“हा,” संस्थापकाने त्याला पुढे ढकललं.

“स्वतःहून आलायस ना बाळा?”

सभासदाने बुटांकडे बघितलं. “हो.”

बातमी फुटायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या दाराबाहेर अध्यक्ष उभे होते. कुणी बिस्किटं आणली, कुणी नोट्सच्या झेरॉक्स. कुणालाही तो नाही म्हणाला नाही. वादविवाद, बुद्धिबळ, गिर्यारोहण, वाटाघाटी, वेळेचं नियोजन, मौन साधना. होता होता एकूण एक मंडळं त्याने धरली. स्त्री-नेतृत्व मंडळाच्या पदाधिकारी मुलींनी बरंच आपसांत खलबत केलं, मग एकजण पुढे झाली. “नियमात मुलगीच हवी असं कुठं म्हटलेलं नाही.” तेव्हापासून दर मंगळवारी स्त्री-नेतृत्वाच्या बैठकीत समोरच्या रिकाम्या खुर्च्यांमध्ये हा एकटा बसलेला असायचा आणि व्यासपीठावरून त्याला आवाहन केलं जायचं, “भगिनींनो, जाग्या व्हा!”

तो जागा असायचा. मौन मंडळात मात्र झोपायचा.

त्याचं विद्यापीठातलं आयुष्य असं भरगच्च झालं. वादविवाद मंडळात अध्यक्ष बाजूने बोलायचा, म्हणून सभासदाला कायम विरोधात बोलावं लागायचं. वाटाघाट मंडळात समोर कायम अध्यक्षच असल्याने तो दर आठवड्याला हरायचा. वेळेच्या नियोजनाची बैठक कधीच वेळेवर सुरू झाली नाही. गिर्यारोहण मंडळाच्या अध्यक्षाला उंचीवर चक्कर यायची, तेव्हा गावाबाहेरची टेकडी सभासद एकटाच चढायचा आणि अध्यक्ष खाली पिशव्या राखत ओरडून मार्गदर्शन करायचा. “डावीकडून! अरे, तुझ्या डावीकडून!”

त्यातल्या त्यात तो रमायचा छायाचित्र मंडळात. तिथली अध्यक्ष एक उंच मुलगी होती, मावशीचा जुना कॅमेरा गळ्यात अडकवून हिंडणारी. सतत “हलू नकोस, फोकस जातो” म्हणायची, म्हणून सगळे तिला फोकस म्हणत. वार्षिक प्रदर्शनात तिचे बरेच फोटो लागले. ‘श्रमिक’, ‘एकांत’, ‘प्रतीक्षा’, ‘पराभूत’. सगळ्या फोटोंत सभासद होता. ‘गर्दी’ नावाच्या फोटोतही तोच होता, फक्त जवळून काढलेला.

“गर्दी कुठाय यात?” त्याने विचारलं.

“गर्दीतल्या माणसाच्या चेहऱ्यावर जे असतं ते आहे की.”

“भूक लागली होती मला.”

“तेच ते,” फोकस म्हणाली. “हलू नकोस.”

दुसरं वर्ष अर्धं सरलं आणि इंटर्नशिपच्या मुलाखतींची सूचना लागली. ऑफिसच्या खुर्च्या, टेबलं, कपाटं बनवणारी एक मोठी कंपनी विभागातून काही मुलं निवडणार होती. सभासद मोठ्या उत्साहाने सीव्ही घेऊन प्लेसमेंट अधिकाऱ्याकडे गेला. अधिकाऱ्याने तो वरून खाली वाचला, मग खालून वर वाचला.

“पद कुठंय?”

“सर, सभासद आहे ना. सगळीकडे.”

“सभासद हे पद नव्हे. हे म्हणजे नाटकाला गेलो होतो असं सांगण्यासारखं आहे. नाटकात कोण होतास ते सांग.”

“बघायला होतो, सर.”

“मी पहिल्या आठवड्यात ओरडून ओरडून सांगितलं होतं. कुठं होतास तेव्हा?”

“उशी घ्यायला, सर.”

अधिकाऱ्याने कपाळावर हात मारला. त्याच रात्री जेवणानंतर घरून फोन आला. आईकडून मामाने घेतला. “कसा आहेस? तुझ्यासाठी खुर्ची आणून ठेवलीय बरं का. गोल फिरणारी. तुझा दादा म्हणतो, मला इतक्या वर्षांत अशी घेतली नाहीत.” मागून दादाचा, म्हणजे मावसभावाचा, आवाज आला. “ये रे तू, मजा आहे इथं.”

सकाळी तो बाईंच्या कार्यालयात हजर झाला.

“नवं मंडळ काढायचंय, बाई.”

बाईंनी चष्माच काढला. “तू?”

“हो. साध्या सभासदांचं मंडळ.” नाव त्याला आंघोळ करताना सुचलं होतं आणि फार आवडलं होतं.

“अध्यक्ष?”

“मी.”

“आणि सभासद?”

“मीच.”

“अध्यक्ष झाल्यावर तू साधा कसला राहतोस? दुसरा आण.”

“दुसरा कोण आहे, बाई?”

बाईंनी खिडकीतून बाहेर बघितलं. आवारात मुलांचे घोळके उभे होते. त्यांनी एकेका चेहऱ्यावरून नजर फिरवली, मनातल्या मनात पदं आठवली आणि मान हलवली. “कुणी नाही. पण नियमात आठवड्याची मुदत आहे. तात्पुरती नोंद करते, तेवढ्यात साधा सभासद आण. मात्र एकदा शिक्का पडला की तू पदाधिकारी. पुढचं तुझ्या लक्षात येतंय ना?”

पुढचं काही त्याच्या लक्षात आलं नव्हतं. तो सवयीने हो म्हणाला. बाईंनी शिक्का मारला, उठल्या, टाचण्यांची डबी घेतली आणि बाहेरच्या फलकावर एक कागद लावला. त्यावर विभागातल्या एकूण एक मंडळांची मान्यता साध्या सभासदाअभावी स्थगित केल्याचं लिहिलं होतं.

तिकडे घरी आनंदीआनंद झाला. आईने शेजारीपाजारी सांगितलं, मुलगा अध्यक्ष झाला. मामाने विचारलं, “कशाचा?” आई म्हणाली, “साध्या सभासदांचा.” मामा म्हणाला, “म्हणजे नेमकं कशाचा?” आई म्हणाली, “मोठंच काहीतरी असणार. शिक्का आहे त्याच्यावर.”

इकडे विभागात अध्यक्षांच्या तोंडचं पाणी पळालं. मुलाखती चार दिवसांवर आलेल्या, आणि मंडळच नाही तर अध्यक्ष कसले? कंपनी विद्यापीठाकडून खात्री करून घेते, हे प्लेसमेंट अधिकाऱ्याने बजावून ठेवलेलं. संध्याकाळी सगळे सभासदाच्या खोलीत घुसले. कॉटवर, टेबलावर, खिडकीत अध्यक्षच अध्यक्ष. एवढे अध्यक्ष एका बैठकीला हजर असण्याची विभागाच्या इतिहासातली ती पहिलीच वेळ असावी.

“हा विश्वासघात आहे,” संस्थापक म्हणाला. “मी तुला शोधून काढला!”

“मी इथंच होतो,” सभासद म्हणाला. “माझी कॉट तुझ्या कॉटला लागून आहे.”

“तुला उपाध्यक्ष करतो आमच्याकडे,” गिर्यारोहणवाला म्हणाला.

“मूर्ख, उपाध्यक्ष झाला तरी तो साधा राहत नाही,” फोकस म्हणाली. ती एकटीच दारापाशी उभी होती. “सरळ आहे. आपल्यातल्या एकाने राजीनामा द्यायचा आणि साधं व्हायचं. एक जण. मग हाही अध्यक्ष, बाकीचे सगळेही अध्यक्ष. प्रश्न मिटला.”

खोलीत एकदम शांतता झाली. मौन मंडळाला दीड वर्षात जमली नव्हती अशी.

“तू हो मग,” वादविवादवाला फोकसला म्हणाला.

“मी का? तुझं मंडळ माझ्यानंतर निघालंय.”

“माझं आधी नोंदलंय. तुम्ही नुसते फोटो आधी काढलेत.”

“चिठ्ठ्या टाका.”

“चिठ्ठ्या टाकायच्या तर अध्यक्षस्थानी कोण?”

यावर सगळे एकदम बोलायला लागले. वाटाघाट मंडळाच्या अध्यक्षाने मध्यस्थीचा प्रस्ताव मांडला, पण त्याला समोरून बोलणाऱ्यांची सवय नव्हती. तो दोन वाक्यांत गारद झाला. जेवणाची घंटा झाली तेव्हा सगळे भांडत भांडतच खाली गेले.

पुढचे दोन दिवस सभासदाने अध्यक्ष म्हणून काढले. संध्याकाळी कुणी हाक मारायला आलं नाही. खोलीत थांबावं तर संस्थापक आरशासमोर “माझ्यातला सर्वांत मोठा दोष म्हणजे मी परिपूर्णतेचा आग्रह धरतो” हे वाक्य वेगवेगळ्या चेहऱ्यांनी म्हणून बघत असायचा. बुद्धिबळाच्या खोलीला कुलूप. छायाचित्रांच्या खोलीला कुलूप. टेकडीवर जावं तर खालून ओरडायला कुणी नाही, आणि तो नेमका चुकीच्या बाजूने चढला. साध्या सभासदांच्या मंडळाची पहिली बैठक त्याने सभागृहात घेतली. स्वतःच खुर्च्या मांडल्या, स्वतःच व्यासपीठावर बसला. समोर बसायला कुणी नव्हतं. थोडा वेळ थांबून त्याने दिवे घालवले. अध्यक्ष असणं इतकं कंटाळवाणं असेल असं त्याला वाटलं नव्हतं. आणि मुदतीत दुसरा साधा माणूस काही मिळणार नव्हता, हे एव्हाना त्यालाही दिसत होतं. मंडळ आपोआप बुडणारच होतं. मामाची गोल फिरणारी खुर्ची त्याच्या डोळ्यांसमोर संथपणे एक चक्कर मारून गेली.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी त्याने अध्यक्षांना जिन्यावर बोलावलं.

“मी राजीनामा देतो,” तो म्हणाला. “पण एक अट आहे.”

संस्थापकाने डोळे बारीक केले. “बोल. काय हवंय?”

“तुम्ही तुमच्या बैठकांना यायचं.”

“प्रत्येक बैठकीला?” वेळेच्या नियोजनवाला किंचाळला.

“मी प्रत्येकीला येतो.”

“तुला काय, तू रिकामा आहेस. आम्ही अध्यक्ष आहोत.”

बरीच घासाघीस झाली. शेवटी एकाआड एक बैठकीवर तडजोड झाली. वाटाघाटीत सभासद आयुष्यात पहिल्यांदा अर्धा का होईना जिंकला होता. बाईंनी राजीनामा घेतला आणि फलकावरचा कागद उतरवून टाचण्या डबीत टाकल्या.

मुलाखत घ्यायला दोघे आले होते, एक स्थूल व्यवस्थापक आणि कंपनीत प्रशिक्षण बघणाऱ्या एक मॅडम. सकाळपासून एकेक अध्यक्ष आत जात होता. प्रत्येकाने नेतृत्वाबद्दल सांगितलं. प्रत्येकाला मॅडमनी सहज विचारलं, “तुमच्या हाताखाली किती जण आहेत?” पहिला म्हणाला, “पदाधिकारी सोडून एक.” दुसरा म्हणाला, “सध्या एक.” तिसरीने सांगितलं, “संख्येपेक्षा गुणवत्तेवर आमचा भर आहे.” जेवायच्या सुट्टीपर्यंत मॅडमना संशय यायला लागला होता. शेवटी सभासद आत गेला.

“पद?” स्थूल व्यवस्थापकाने मान वर न करता विचारलं.

“नाही, सर.”

“एकही नाही?”

“एक होतं. दोन-तीन दिवस. सोडलं.”

“का?”

“सभासद मिळत नव्हता, सर.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “एक मिनिट. तुम्हीच का तो?”

“कोण?”

“सकाळपासून सगळे ज्याचं नेतृत्व करतायत.”

“असेन,” सभासद म्हणाला. “दुसरं कुणी नाहीय.”

मॅडम खोकल्यासारखं हसल्या. मग त्यांनी सीव्ही पुढे ओढला आणि एकेका मंडळावर बोट ठेवत विचारायला सुरुवात केली. त्याने जसं होतं तसं सांगितलं. वादविवादात कायम विरोधी बाजूला असल्याने आता कुठलीही गोष्ट ऐकली की तिच्याविरुद्ध काय बोलता येईल ते आधी सुचतं, आणि याचा जेवताना फार त्रास होतो. बुद्धिबळ येतं, चांगलं नाही. वाटाघाटीत नेहमी हरतो, त्यामुळे समोरचा कधी खूश होतो ते बरोबर कळतं. फोटो काढता येत नाहीत, पण काढणाऱ्याला उजेड कुठं हवा ते सांगायच्या आधी कळतं. टेकडीवर तो एकटाच चढला आहे.

“आणि हे स्त्री-नेतृत्व?”

“तिथं मला जागं व्हायला सांगतात, मॅडम. मी होतो.”

“तुमच्या मते नेतृत्व म्हणजे काय?” स्थूल व्यवस्थापकाने आपला ठेवणीतला प्रश्न काढला. दिवसभरात या प्रश्नावर बरीच व्याख्यानं झाली होती.

सभासद विचारात पडला. “नक्की सांगता येणार नाही, सर. पण मी ते समोर बसून खूप पाहिलंय. काही जणांना कुणीतरी ऐकायला लागतं, काही जणांना फोटोत मधोमध उभं राहायचं असतं. एक-दोघं खरंच काहीतरी करू बघतात, ते बहुतेक चिडलेले असतात. तिघांनाही समोर खुर्चीत माणूस लागतो.”

“खुर्च्या आम्हीच बनवतो,” व्यवस्थापक म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर मनापासून हसला.

निकाल संध्याकाळी लागला. तिघांची निवड झाली होती. फोकस, वादविवादवाला आणि सभासद. संस्थापक बराच वेळ फलकासमोर उभा राहिला, मग म्हणाला, “बघ, माझ्या मंडळातला एकजण लागला.” आणि हे वाक्य त्याने त्याच रात्री सीव्हीत घातलं.

सभासदाने घरी फोन केला. आईने बातमी ऐकून फोन मामाकडे दिला.

“खुर्चीचं काय करू मग?” मामाने विचारलं.

सभासदाने जन्मात कुणाला नाही म्हटलेलं नव्हतं, त्यामुळे नेमकी सुरुवात कशी करतात ते त्याला ठाऊक नव्हतं. “दादाला द्या,” तो म्हणाला.

“बरं,” मामा म्हणाला. त्यात एवढं अवघड काही नव्हतं.

सुट्टीत तो कंपनीत रुजू झाला. पहिल्या दिवशी मॅडमनी त्याला विभागात नेलं. तिथं एक महाव्यवस्थापक, दोन उपव्यवस्थापक, काही सहायक व्यवस्थापक आणि एक समन्वयक बसले होते. त्यांच्या समोरची टेबलं रिकामी होती. सगळ्यांनी एकदम मान वर करून त्याच्याकडे बघितलं. ही नजर त्याच्या ओळखीची होती.

“हाताखाली किती माणसं आहेत रे तुझ्या?” रात्री आईने विचारलं.

“माझ्या हाताखाली कुणी नाही. मी सगळ्यांच्या हाताखाली आहे.”

“मग तुला जड नाही जायचं,” आई म्हणाली आणि तिला शिलाईचं काम होतं म्हणून फोन ठेवला.

त्याला जड गेलं नाही. सुट्टी संपताना कंपनीने त्याला शिक्षण झाल्यावर परत यायला सांगितलं. इकडे बाईंनी मात्र तिसऱ्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी त्याला गाठलं. “तू यंदा जाणार. पुढं काय? नवी मुलं आलीयत. मला पुन्हा फलकावर तो कागद टाचायचा नाही.”

दुसऱ्या दिवशी सभागृहात प्लेसमेंट अधिकारी नव्या मुलांना नेतृत्वाबद्दल सांगत होता. आवाज आवारापर्यंत येत होता. सभासद वसतिगृहाच्या कोठाराकडे गेला. उशांच्या खोलीला कुलूप होतं आणि किल्लीवाला भाषणाची व्यवस्था बघायला गेला होता. रांगेत एकच मुलगी उभी होती, खांद्यावर गुंडाळलेली गादी घेऊन.

“भाषणाला गेली नाहीस?” त्याने विचारलं.

“कसलं भाषण?”

“विशेष काही नाही,” सभासद म्हणाला आणि तिच्या गादीचं दुसरं टोक धरलं. “संध्याकाळी बुद्धिबळ असतं. बिस्किटं देतात.”

मुलीने त्याच्याकडे बघितलं, कुलपाकडे बघितलं. “मला येत नाही बुद्धिबळ.”

“चालेल.”

“बरं,” ती म्हणाली. “येते.”